एमटीबीची मापं : काय नंतर बदलता येतं आणि काय नाही

नागपुरात एमटीबी (माउंटन बाइक) घ्यायला गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो गिअरचा. एकवीस गिअर, चोवीस गिअर. मग सस्पेन्शन, मग डिस्क ब्रेक, शेवटी रंग. यातलं सगळं (रंगसुद्धा) पुढे बदलता येतं. बदलता न येणाऱ्या गोष्टी मात्र सहसा कोणी दाखवत नाही. मागचं चाक बसतं ती जागा किती रुंद आहे, पुढच्या चिमट्याची (फोर्कची) नळी जिच्यातून जाते ती हेडट्यूब किती मिलिमीटरची आहे, पॅडलच्या मधल्या नळीला आटे आहेत की नाहीत, मागचा ब्रेक बसवायची सोय कोणत्या प्रकारची आहे. ही मापं कारखान्यात एकदा ठरली की ठरली. दोन वर्षांनी चांगला फोर्क किंवा हलकं चाक टाकायची हौस आली की गाडं नेमकं इथे अडतं.

नागपूरकरांची अडचण थोडी जास्तच. ट्यूब, केबल, सात-आठ स्पीडची चेन बर्डीवर किंवा महालात सहज मिळून जाईल, पण बूस्टचा हब (चाकाचा मधला भाग) किंवा मायक्रो स्प्लाइनची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा; ही नावं पुढे येतीलच) बहुतेकदा कुरिअरनेच येते. माप चुकलं तर परत पाठवा, पुन्हा थांबा. अशा वेळी ‘बसून जाते ना भाऊ, थोडं घासून देतो’ हे वाक्य फार मोहात पाडतं. घासून बसवलेला एक्सल (चाकाचा आस) किंवा बिअरिंग महिनाभर चालतो, मग ढिला होतो आणि जाताना फ्रेमची जागाही खराब करून जातो.

चाक

इंचांवर विसंबू नये. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ५७-६२२ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ इंची म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. रोड सायकलचं ७०० सी चाकही ६२२च. २९ इंची हे त्याच व्यासाच्या रिमवर जाड टायर चढवल्यावर मिळालेलं नाव. २६ला काही खास गणित नव्हतं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत लोक ज्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवत, त्यांची चाकं त्या मापाची होती, एवढंच. आता प्रौढांच्या बहुतेक चांगल्या सायकली २९ आहेत, लहान फ्रेमवर २७.५ दिसतं. ३२ इंचीची चर्चा सुरू झाली आहे. आपण सध्या तिकडे लक्ष दिलं नाही तरी चालेल.

व्यासापेक्षा आपल्याकडे जास्त त्रास देते ती टायरच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा. नागपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला काळी माती आहे. मृगाच्या पावसानंतर ती टायरवर थरावर थर चढत जाते, चेनस्टेच्या (मागच्या चाकालगतच्या आडव्या नळ्यांच्या) बेचक्यात घट्ट बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना आठ-दहा मिमी जागा हवी. २.४ इंचाचा टायर ‘बसतो’ म्हणजे तो चिखलात फिरेल असं नाही. पावसाळ्यात २.१ ते २.२५ इंचाचा, विरळ आणि उंच गुट्ट्यांचा टायर बरा पडतो, आणि मुरमाचा रस्ता उपलब्ध असेल तर काळ्या मातीत न शिरणं त्याहून बरं.

मागचा एक्सल : सगळ्यात महागडी चूक

जुन्या एमटीबीत मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (एक्सल बसतो त्या खाचांमधलं) अंतर १३५ मिमी असे आणि चाक क्विक रिलीजच्या पातळ सळईने आवळलं जाई. पुढे १०० मिमी. ड्रॉपआउटची खाच खालून उघडी असल्याने चाक थोडं तिरकं आवळलं जाणं सहज शक्य होतं, आणि डिस्क ब्रेक आल्यावर तेवढा तिरकेपणाही रोटर (ब्रेकची चकती) घासायला पुरेसा ठरला. म्हणून आरपार जाणारा जाड (थ्रू) एक्सल आला: मागे १२ मिमी जाड आणि १४२ मिमी रुंद, पुढे १५ मिमी जाड आणि १०० रुंद. १४२ हा आकडा पाहून दचकू नये. हबची चौकट १३५चीच आहे; दोन्ही टोकं ड्रॉपआउटच्या खोलगट जागेत साडेतीन-साडेतीन मिमी आत जातात, म्हणून एकूण १४२. त्यामुळे बऱ्याच हबची टोकाची झाकणं बदलून १३५ क्विक रिलीजचं १४२ थ्रू एक्सल करता येतं.

त्यानंतर, २०१५च्या सुमारास, बूस्ट आलं: मागे १४८, पुढे ११०. हा बदल मात्र खरोखर हबच्या पोटातला आहे. २९ इंची चाकाच्या तारा लांब असल्याने त्या उभ्यासारख्या बसतात आणि चाक बाजूच्या धक्क्याला लवचिक होतं. बूस्टमध्ये तारा ज्या चकत्यांत अडकतात त्या प्रत्येक बाजूला तीन मिमी बाहेर सरकवल्या, तारांचा कोन वाढला, चाक ताठ झालं. त्याचबरोबर कॅसेटही तीन मिमी बाहेर गेली, म्हणून पुढची चेनरिंगही (पॅडलजवळची दातेरी चकती) तितकीच बाहेर न्यावी लागली. चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर) साधारण ४९ची ५२ मिमी झाली. जुन्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्यांवर) बूस्ट चाक टाकलं तर सर्वांत लहान चकतीवर चेन जास्त तिरकी ओढली जाते.

१४२चं चाक १४८च्या फ्रेममध्ये स्पेसर घालून आणि तारांचा ताण सरकवून बसवता येतं. उलट करता येत नाही. १४८चा हब १४२च्या फ्रेममध्ये घालायला फ्रेम ताणावी लागते, आणि अॅल्युमिनियमची फ्रेम ताणू नये, ती तडकते. यांच्या जोडीला १४१ मिमी नावाचं एक मधलं पिल्लूही आहे: बूस्टच्या रुंदीचा हब, पण क्विक रिलीजच्या सळईवर. कमी किमतीच्या काही सायकलींवर असतं. वाईट नाही, फक्त सुटं चाक मिळणं कठीण. व्हर्नियर घेऊन ड्रॉपआउटच्या आतल्या दोन पृष्ठभागांतलं अंतर मोजा आणि १३५ आहे की १४१ हे घेण्याआधीच माहीत करून घ्या.

एक्सल हरवला किंवा त्याचे आटे गेले तर नवा मागवताना तीन गोष्टी लागतात: जाडी, टोकापासून टोकापर्यंत लांबी आणि आट्यांचा पिच. १२ मिमीच्या एक्सलला १.०, १.५ किंवा १.७५ मिमी असे तीन पिच चालू आहेत. सुरुवातीचे दोन वळसे बसले म्हणून जोर लावला की फ्रेममधले आटेच साफ होतात. हिंगणा एमआयडीसीत लेथवर एक्सल तयार करून घेता येईल, पण माइल्ड स्टीलचा नको. क्विक रिलीजपेक्षा या भागावर भार फार वेगळ्या तऱ्हेने येतो.

डिरेलर लटकतो ती पट्टी

मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) हँगर नावाच्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याला लटकतो. सायकल उजव्या अंगावर पडली की आधी हा वाकावा, डिरेलर आणि फ्रेम वाचावी, यासाठीच तो मऊ ठेवलेला असतो. मोठ्या गिअरवर चेन तारांकडे झुकायला लागली, मधले गिअर जुळतात पण टोकाचे जुळत नाहीत, तर केबल आवळत बसण्याआधी हँगर तपासावा. हँगर गेज डिरेलरच्या जागी आट्यांत बसवून रिमपासूनचं अंतर वर, खाली, पुढे, मागे असं चार जागी पाहतात. फरक चार मिमीच्या आत हवा, अकरा-बारा स्पीडला त्याहूनही कमी. वाकलेला हँगर एकदा सरळ करावा. दुसऱ्यांदा तो बहुधा हातातच तुटतो, म्हणून एक सुटा हँगर सायकलच्या पिशवीत असलेला चांगला.

घोळ इतकाच होता की प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. शेकडो आकार, आणि मॉडेल जुनं झालं की तो मिळेनासा. २०१९मध्ये गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने युनिव्हर्सल डिरेलर हँगर, म्हणजे यूडीएच, आणला आणि इतर कंपन्यांना वापरायला मोकळा ठेवला. धक्का बसला तर तो मागे फिरतो. त्याच्या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचा, २५ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप). ही गोष्ट माहीत नसल्याने तो बोल्ट सोडवताना आवळून आवळून तोडला जातो.

स्रॅमचा खरा डाव २०२३मध्ये उघड झाला. ट्रान्समिशन नावाच्या नव्या गिअरमध्ये हँगरच नाही. यूडीएच काढून त्याच जागी डिरेलर थेट फ्रेमला दोन्ही बाजूंनी पकडतो. हँगर नाही म्हणजे वाकायला काही नाही, आणि डिरेलर किती सरकेल याची हद्द ठरवणारे दोन छोटे स्क्रूही नाहीत. सुरुवातीला हे फक्त वायरलेस आणि महाग होतं. २०२५मध्ये केबलवर चालणारे ईगल ९० आणि ७० आले. गिअर बनवणाऱ्याच शिमानोनेही २०२५मध्ये वायरलेस एक्सटीआर काढला, पण तो हँगरवर बसतो. तुम्हाला यातलं काहीच घ्यायचं नसेल तरी नवी फ्रेम निवडताना यूडीएचवाली घ्या. पाच वर्षांनी हँगर शोधत फिरावं लागणार नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

‘एकवीस गिअर’ खरेदी करताना

पुढे तीन, मागे सात, म्हणून एकवीस. यात मागे कॅसेटऐवजी बहुतेक वेळा आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील असतं. फरक दिसायला किरकोळ, परिणाम मोठा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बिअरिंग दात्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे ड्रॉपआउटपासून बरंच दूर असतं. तिथून पुढे एक्सल निराधार. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस खड्ड्यांतून जाऊ लागला की एक्सल वाकतो, मग तुटतो. दुकानदार एक्सल बदलून देईल आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच होईल, कारण दोष एक्सलचा नाही. कॅसेटच्या हबमध्ये बिअरिंग फ्रीहबच्या (कॅसेट चढते त्या नळीच्या) बाहेरच्या टोकाला असल्याने हा प्रकार जवळपास संपतो. ओळखायची खूण: सर्वांत लहान दातेरी चकतीच्या बाहेर बारीक खाचांची लॉकरिंग आणि तिच्यावर ४० न्यूटन मीटर असं काही कोरलेलं दिसलं तर कॅसेट. खाचा आत खोल, एक्सलच्या भोवती असतील आणि सगळा गठ्ठा एकसंध वाटत असेल तर फ्रीव्हील.

कॅसेट ज्या नळीवर सरकवतात तिचेही तीन प्रकार. शिमानोचा जुना एचजी, त्यावर सर्वांत लहान चकती ११ दात्यांची. स्रॅमचा एक्सडी (२०१२) आणि शिमानोचा मायक्रो स्प्लाइन (२०१८), दोन्हींवर १० दात्यांची चकती बसते. ११ की १० या एका दातासाठी नवी नळी कशाला, असं वाटू शकतं. पण पुढे एकच चेनरिंग ठेवायची तर मागच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांतलं अंतर शक्य तितकं मोठं हवं, आणि १०-५१ किंवा १०-५२मध्ये ते मिळतं.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, भोवताल बराचसा सपाट, चढ लहान. खरा चढ हवा तर चिखलदरा किंवा पचमढी गाठावी लागते. अशा ठिकाणी एचजी नळीवरची दहा-अकरा स्पीडची कॅसेट हाच शहाणपणाचा सौदा आहे. शिमानो डिओरची दहा स्पीडची ११-४६, अकरा स्पीडची ११-५१ किंवा मायक्रोशिफ्टची ११-४८, या सगळ्या एचजीवर जातात. २०२३मध्ये आलेली शिमानो क्यूज मालिकाही एचजी नळीच वापरते. तिची लिंकग्लाइड चकती जाड आहे. तिप्पट टिकते असा शिमानोचा दावा. ९, १० आणि ११ स्पीडचे क्यूज भाग बऱ्याच अंशी एकमेकांत चालतात, पण जुन्या एचजी शिफ्टरशी क्यूजचा डिरेलर जुळत नाही. केबल ओढण्याचं प्रमाणच वेगळं आहे. अर्धं जुनं, अर्धं नवं असं करायचंच नाही.

चेन मोजायची पट्टी दोन-तीनशे रुपयांपासून मिळते. अकरा-बारा स्पीडला ०.५ टक्के ताण दिसला की चेन बदलावी, आठ ते दहाला ०.७५. त्यापुढे ओढत नेली तर नवी चेन जुन्या कॅसेटवर उडते आणि दोन्ही बदलावी लागतात.

हेडट्यूब आणि बॉटम ब्रॅकेट

फोर्कची नळी सरळ असेल तर वरपासून खालपर्यंत २८.६ मिमी. टेपर्ड असेल तर खाली बिअरिंगपाशी ३९.८पर्यंत जाड होते. बाजारातले बहुतेक चांगले एअर फोर्क आता टेपर्डच येतात, म्हणून हेडट्यूबचा आतला व्यास हा सायकलचं भवितव्य ठरवणारा आकडा. आतून ३४ मिमीची हेडट्यूब असेल तर टेपर्ड फोर्क कधीच बसणार नाही. सरळ ४४ मिमी असेल तर खालचा कप बाहेर येणारा (ईसी४४) घालून बसतो. वर ४४, खाली ५६ असेल तर काही प्रश्नच नाही, आणि जुना सरळ फोर्कही रिड्यूसर रिंग टाकून चालवता येतो. फोर्क वीस मिमीने जास्त लांब घेतला तर हेड अँगल (हेडट्यूबचा कल) साधारण एक अंशाने पसरतो. फ्रेम शंभर मिमी दबणाऱ्या फोर्कसाठी बनली असेल तर एकशेवीसवर थांबावं.

बॉटम ब्रॅकेटला (पॅडलच्या मधल्या नळीला) आटे असलेली फ्रेम मिळत असेल तर तीच घ्यावी. आट्यांच्या (बीएसए) नळीची रुंदी ६८ किंवा ७३ मिमी. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, आणि नवशिक्या मेकॅनिककडून फ्रेम वाया जाते ती इथेच. ग्रीस लावून हाताने तीन-चार वळसे फिरवा, सहज गेला तरच पाना लावा, ३५ ते ५० न्यूटन मीटर. शिमानोच्या होलोटेक क्रँकची प्लास्टिकची टोपी फक्त बोटांच्या जोराने फिरवायची; बाजूचे दोन बोल्ट १२ ते १४वर आणि आलटून पालटून. टोपी जोरात आवळली की बिअरिंग लवकर जातं. दाबून बसवलेले प्रेसफिट कप एप्रिल-मेच्या धुळीत कुरकुरायला लागतात. काढा, पुसा, पुन्हा दाबा, हे चालूच राहतं. फ्रेमचं भोक किंचित मोठं किंवा लंबगोल असेल तर तो आवाज कायमचा.

ब्रेक

‘डिस्क आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. केबलच्या स्वस्त डिस्कमध्ये एकच पॅड सरकतो आणि रोटरला दुसऱ्या स्थिर पॅडवर वाकवून दाबतो, म्हणून सतत जुळवत राहावं लागतं. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही सरकतात आणि पॅड झिजेल तसे आपोआप जवळ येतात.

फ्रेमवरची बैठक बहुतेक वेळा पोस्ट माउंट असते, दोन बोल्टमधलं अंतर ७४ मिमी; जुन्यांवर आयएस, ५१ मिमी. अॅडॉप्टरने एकावरून दुसऱ्यावर जाता येतं, तसंच १६०चा रोटर १८०चा करता येतो. पण फ्रेमवर कमाल रोटरचा आकडा दिलेला असतो, तो ओलांडू नये. रोटर हबला सहा बोल्टने (टॉर्क्स टी२५) किंवा सेंटरलॉकने (मधल्या एकाच रिंगने) बसतो. सहा बोल्टचा रोटर सेंटरलॉक हबवर अॅडॉप्टरने जातो, उलट जात नाही. रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं छापलं असेल तर मेटल पॅड घालू नका, रोटर भराभर झिजतो. शिमानोचा १.८ मिमीचा रोटर १.५ला आला की फेकायचा.

तेलाच्या बाबतीत अजिबात प्रयोग नको. शिमानो, टेक्ट्रो, माग्युरा मिनरल ऑइलवर. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट ब्रेक फ्लुइडवर, पण डीबी८ (२०२२) आणि मेवन (२०२४) मिनरलवर. म्हणून कंपनीचं नाव पुरेसं नाही, लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. एकात दुसरं घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक जातो. डॉट तेल पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) जुळवताना: बोल्ट ढिले करा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळा, ६ ते ८ न्यूटन मीटर. चाक काढून सायकल गाडीत टाकताना पॅडमध्ये प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. कोणी सहज लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येऊन बसतात. आणि चेनवर स्प्रे मारताना रोटर झाका. रोटरवर उडालेलं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघेल, पॅडमध्ये मुरलेलं निघत नाही.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास जातो, आणि स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळवता येत नाही. एअर फोर्कमध्ये ते शॉक पंपाने होतं: नेहमीच्या कपड्यांत, बॅगेसकट सायकलवर बसा, फोर्कवरची रबरी रिंग खाली सरकवा, हळूच उतरा आणि किती दाबला ते मोजा. १२० मिमी दबणाऱ्या फोर्कला २० टक्के, म्हणजे २४ मिमी. नागपूरच्या भोवतालच्या कच्च्या रस्त्यांना १०० ते १२० मिमीची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) भरपूर झाली. मागचं सस्पेन्शन म्हणजे पिव्होटची आणखी बिअरिंगं, धूळ आणि खर्च.

काटे

बाभळीचा काटा आणि पावसाळ्यानंतर पांदणीच्या कडेला पसरणारे सराटे, यांच्यासाठी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर). रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा टेप तीन-चार मिमी रुंद घ्या म्हणजे ती कडांवर चढते. टेप लावण्याआधी रिम अल्कोहोलने पुसा, ताणून लावा, व्हॉल्व्हच्या भोकापाशी दहा सेंमी एकावर एक येऊ द्या. स्वस्त रिमला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं ८.५ मिमी भोक असतं. त्यात ट्यूबलेसचा पातळ प्रेस्टा व्हॉल्व्ह घालायचा तर रबरी बूच लागतं, कारण त्याला ६.५ मिमीच पुरतं. कडांना साबणाचं पाणी लावून एकदम हवा भरा, ‘टक् टक्’ आवाज आला की कडा बसल्या. दाब टायर आणि रिम यांपैकी कमी मर्यादेच्या वर नेऊ नका. मग व्हॉल्व्हची कोर काढून सीलंट (भोक बुजवणारा द्रव): २९ × २.३ टायरला सुमारे १०० मिली. सत्तर किलोच्या स्वाराला पुढे बावीस-तेवीस, मागे पंचवीसच्या जवळपास पीएसआयपासून सुरुवात करून पाहावी.

लेटेक्सचं सीलंट आपल्या उन्हाळ्यात झपाट्याने वाळतं. पारा ४५च्या पुढे असताना सायकल गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर दोन महिन्यांत टायरच्या आत रबराचे गोळे आणि कोरडी साय एवढंच उरतं, बाहेरून मात्र हवा टिकून असते, म्हणून कळत नाही. चाक कानाशी धरून हलवा. आत पाणी हलल्याचा आवाज आला नाही तर ५०-६० मिली आणखी घाला. काटा उपटल्यावर भोक खाली येईल असं चाक फिरवून थोडा वेळ थांबा, सीलंट तिथे साचलं की शिट्टी बंद होते. बंद नाहीच झाली तर रबरी प्लग, आणि पिशवीत एक ट्यूब तरीही असू द्या. ती टायरमध्ये टाकण्याआधी आतून बोट फिरवून आधीचे काटे उपसा. ट्यूबलेसमध्ये महिनोन् महिने पाच-सहा काटे निमूटपणे बसलेले असतात आणि नवी ट्यूब पहिल्या शंभर मीटरमध्ये फुटते ती त्यांच्यामुळे.